मुलीकडचे की मुलाकडचे?

लग्नाचं कार्यालय रिकाम्या दिवशी बघायला जाऊच नये. रिकामा हॉल म्हणजे दाखवण्याच्या कार्यक्रमातला मुलगा: कडक इस्त्रीचा, हळू बोलणारा आणि पगार जरा वाढवून सांगणारा. मॅनेजर सगळी झुंबरं लावतो आणि म्हणतो, "साहेब, आठशे माणूस आरामात बसतं."

म्हणून भाचीचं लग्न ठरल्यापासून ताई आणि मी ऐन मुहूर्तावर बाहेर पडतो, परक्यांच्या लग्नांत. नाशिकच्या संभाजीनगर रोडला लॉन्सला लागून लॉन्स आहेत, तिथे हे फार सोपं. ताई ठेवणीतली साडी नेसते. दारात गुलाबपाणी उडतं, हातात अक्षता पडतात. कुणीतरी अगत्याने विचारतं, "मुलीकडचे की मुलाकडचे?" ताई न अडखळता सांगते, "मुलीकडचे." यात खोटं काहीच नाही.

स्टेजकडे आम्ही बघतही नाही. ते सगळीकडे सारखंच. मोर्चा थेट भटारखान्याकडे. आचाऱ्याच्या डोक्यावर छप्पर आहे का? खरकटी ताटं पाहुण्यांच्या वाटेतून जातात का? मग हात धुवायची जागा. एका ठिकाणी नळ सहा, पाणी दोनालाच, आणि जिलेबीच्या पाकाची बोटं हवेत धरून एक आजोबा रांगेत. वधूपक्षाच्या खोलीत एकच प्लग चालू होता. त्यावर नवरीचे केस सरळ होत होते आणि शेजारी मोबाइल घेऊन मावशी ताटकळलेली. ते कार्यालय तिथेच बाद.

भाचीला मात्र गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षमळ्यांकडचं रिसॉर्ट हवंय. फोटो झकास येतील, शंकाच नाही. पण तारीख जानेवारीतली. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या त्याच दिवसांत येतात. उघड्या हिरवळीवर नऊ वाजता स्वेटर-कानटोपीतले काका फोटोत कसे दिसतील? शिवाय अवकाळी आलाच, तर बागाईतदार आणि आम्ही एकाच आभाळाकडे हात जोडून उभे. स्पीकर तर कायद्यानेच रात्री 10 ला बंद.

भाड्याचा आकडा ऐकून लगेच खूश होऊ नये. 18 टक्के जीएसटी, जनरेटरचं डिझेल, साफसफाई, वर "डेकोरेटर आमचाच" ही अट. सगळं कागदावर घ्यावं.

परक्या लग्नात जेवायचं नाही, हा ताईचा नियम. मठ्ठा चालतो, मठ्ठा म्हणजे काही जेवण नव्हे. पण परवा नवरीच्या वडिलांनीच हाताला धरून पंगतीत बसवलं. "जेवल्याशिवाय जायचं नाही!" मसालेभात अप्रतिम होता. निघताना ताईने 101 रुपयांचं पाकीट दिलं, वर नाव न घालता. आचाऱ्याचा नंबर तेवढा घेतला.