शॅडो लावा, मग बघू

मुंबईत ऑटिझम असलेल्या मुलाची आई अ‍ॅडमिशनला गेली की शाळेच्या ऑफिसात हे वाक्य हमखास ऐकते, 'शॅडो लावा, मग बघू'. मी स्वतः शॅडो टीचर आहे म्हणजे याच वाक्यावर माझं घर चालतं, तरी सांगते, मला ते अजिबात आवडत नाही.

माहीत नसेल तर, शॅडो म्हणजे वर्गात एकाच मुलाच्या बाजूला दिवसभर बसणारी बाई. शक्यतो शाळा ठेवत नाही, आईबाबा ठेवतात आणि पगारही तेच देतात. शाळेची फी वेगळी, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी वेगळी, स्पीच थेरपी वेगळी, आणि या सगळ्याच्या धावपळीत घरातल्या एकाची नोकरी सुटलेली असते, कोणाची ते सांगायला नकोच. विशेष शिक्षक व्हायचं तर स्पेशल एज्युकेशनचा कोर्स आणि आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन लागतं. शॅडोला असलं काही विचारत नाहीत, कालपरवा कॉलेज संपवलेली मुलगी चालते, घरी मूल सांभाळणारी मावशी पण चालते. त्यातल्या कितीतरी जणी खूप चांगल्या असतात हो, पण म्हणून वर्गशिक्षिकेचं काम त्यांच्या अंगावर टाकून मोकळं व्हायचं का?

कारण होतं नेमकं तेच. शॅडो आली की ते मूल 'तिचं' होतं. मी ज्याच्याबरोबर बसते त्याला मी साहेब म्हणते, तिसरीत आहे, कुठल्या बिल्डिंगला कुठल्या कंपनीची लिफ्ट आहे आणि तिचं दार कसं बंद होतं हे त्याला आमच्या अख्ख्या एरियाचं पाठ आहे. सुरुवातीला वर्गाच्या बाई त्याच्याशी बोलायच्याच नाहीत, माझ्याशी बोलायच्या. "त्याला वही काढायला सांगा ना." अहो तो समोरच बसलाय, सांगा की तुम्हीच! मुलांनी पण ते लगेच उचललं, रबर हवा असेल तरी मला विचारायची, टीचर याचा रबर घेऊ का.

बरं वही काढायचं काय होतं बघा. बाई म्हणतात 'सगळ्यांनी वह्या काढा', साहेब ढिम्म. बाईंना वाटायचं ऐकत नाही, उद्धट आहे. त्याला ऐकू आलेलं असतं, पण त्या 'सगळ्यांनी'मध्ये आपणही येतो हे त्याच्या डोक्यात आपोआप येत नाही. आधी नाव घ्यायचं, मग एकच सूचना द्यायची, ती झाली की पुढची, आणि जमलं तर फळ्याच्या कोपऱ्यात क्रम लिहून ठेवायचा, वही, तारीख, पान नंबर. दिवाळीनंतर बाईंनी हे सुरू केलं, वर्गात पन्नासेक मुलं असताना केलं, त्यांना माझा खरंच सलाम आहे. माझं अर्धं काम तिथेच कमी झालं, आणि मागच्या बाकावरचे ते दोघं, ज्यांची वही नेहमी तास संपायला आला की निघायची, ते पण वेळेवर लिहायला लागले, त्यांना तर कुठला रिपोर्टही नाही.

असल्या गोष्टींना पैसे लागत नाहीत. जागा दारापासून लांब, कारण दाराबाहेरच घंटा आहे. प्रार्थनेच्या माईकजवळ उभं करायचं नाही. शाळेत दहीहंडी असेल, ढोल येणार असतील, तर आदल्या दिवशी सांगायचं आणि सहन नाही झालं तर कुठे जाऊन बसायचं ती खोली पण दाखवून ठेवायची. पावसाळा मात्र कोणाच्याच हातात नाही. रात्री रेड अलर्ट, शाळेला सुट्टीचा मेसेज, बाकी पोरं नाचतात आणि साहेब सकाळी युनिफॉर्म घालून दारात उभा, बुधवार आहे तर शाळा का नाही. आता त्याच्या वेळापत्रकात एक निळं कार्ड केलंय, 'पावसाची सुट्टी', बुधवारवर ते चिकटवलं की पटतं. म्हणजे पटतं असं नाही, पण रडारड कमी होते.

टॅबवरून मात्र वाजलं. साहेब तसा बोलतो, पण घाबरला की शब्द येतच नाहीत, तेव्हा चित्रावर बोट ठेवून बोलायला जेलो अ‍ॅप वापरतो, आपल्या पवईच्या आयआयटीत बनलेलं आहे, फुकट आहे, मराठीतही आहे. शाळा म्हणाली मोबाईल-टॅब अलाउड नाही, नियम सगळ्यांना सारखा. मग चष्मा पण काढून ठेवायला सांगा ना सगळ्यांना सारखा! शेवटी परवानगी मिळाली, पण त्याची आई ऑफिसात बसून बसून थकली.

आणि कायदा याच बाजूने आहे हे आईबाबांना कोणी सांगतच नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, आणि सरकारी अनुदान असलेल्या किंवा नुसती मान्यता असलेल्या शाळेनेही भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या असं त्यात लिहिलंय. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने किती मुलांमागे किती विशेष शिक्षक ते ठरवायला सरकारला सांगितलं, आणि 2022 मध्ये केंद्र सरकारने आकडाही दिला, प्राथमिकला अशा 10 मुलांमागे 1 विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना 15 मागे 1. शिक्षक म्हणजे नेमलेला शिक्षक, आईबाबांच्या खिशातून आलेली मी नाही. मी पाच शाळांची दारं बघितलेल्या पालकांना हे सांगते तेव्हा ते म्हणतात, मॅडम भांडून प्रवेश मिळेल हो, पण मग मूल दिवसभर त्यांच्याच ताब्यात ना. याला माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून मी नवीन घरी गेले की आधीच विचारते, मला कमी कधी करायचं? पूर्ण दिवस कुठल्या महिन्यापर्यंत, मग फक्त गणित आणि पीटी, मग नुसती मधली सुट्टी. हे कागदावर लिहून शाळेची सही घ्यायची. काही शाळा सही करत नाहीत, तिथे काय ते समजायचं.

अजून एक गोष्ट बोलायचीच आहे, ती म्हणजे बहीण. साहेबांची ताई त्याच शाळेत सहावीत. मी यायच्या आधी तो रडायला लागला की शिपाईकाका थेट तिच्या वर्गात, 'चल, तुझा भाऊ'. चालू गणिताच्या तासातून, मैत्रिणींच्या समोरून. घरी आजी कौतुकाने सांगायची, किती समजूतदार आहे आमची! असेलही, पण अकरा वर्षांच्या पोरीला शाळेने बिनपगारी कामाला लावलं होतं ते. आईने मुख्याध्यापकांना लेखी दिलं की तिला बोलवायचं नाही, मला फोन करा. आता बोलवत नाहीत. परवा मधल्या सुट्टीत स्वतःहून आली, मला वाटलं भावाला बघायला आली असेल. त्याच्या डब्यातल्या दोन कोथिंबीर वड्या उचलल्या, "मम्मीने याला जास्त दिल्यात" म्हणाली आणि पळाली.