नीरा ओलांडली आणि माऊली आमच्या जिल्ह्यात आली

वाल्ह्याहून निघालेली ज्ञानेश्वर माऊलींची पालखी दुपारी नीरेच्या पुलावर येते. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे आमचा सातारा. पादुका रथातून उतरवून दत्तघाटावर नेतात आणि नीरेच्या पाण्यात स्नान घालतात. त्या वेळी काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी चुलत सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या काकींच्या, पाठीला चिकटून उभी होते. काकींच्या डोक्यावर तुळशीवृंदावन, पण मान एवढीही हलली नाही. आजूबाजूचे सगळे "माऊली, माऊली" म्हणत होते. मला मात्र कंठ फुटेना. साताऱ्यात जन्म गेला. अजिंक्यतारा पाहिला, कास पाहिलं, सज्जनगडच्या पायऱ्या कितीदा चढले. पण आपल्या जिल्ह्यात माऊली कशी शिरते, ते कधी बघितलंच नव्हतं.

मला सुट्टी चारच दिवसांची मिळाली होती, म्हणून ठरवलं होतं की सातारा जिल्ह्यातलीच वाट चालायची. नीरा ते लोणंद, तरडगाव, फलटण आणि शेवटी बरड. काकी मात्र पंढरपूरपर्यंत जाणार होत्या, दर वर्षीसारख्या.

लोणंदच्या तळावर संध्याकाळी समाज आरती झाली. या आरतीबद्दल मी फक्त ऐकून होते. दिंड्या आपापल्या जागी उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ असतो की शेजारचं माणूस काय म्हणतंय ते कळत नाही. मग चोपदार चोप उंचावतात, "हो" म्हणून हाळी देतात आणि एका क्षणात सगळं थांबतं. हजारो माणसं एकदम गप्प. तंबूचं कापड वाऱ्यावर हलतंय तेही ऐकू आलं मला.

पण एका कोपऱ्यात टाळ चालूच राहिले. मला वाटलं, त्यांना हाळी ऐकू गेली नसेल. काकी कानाशी लागून म्हणाल्या, "न्हाई गं बाय. त्येंची तक्रार हाय. तक्रार असंल तर टाळ थांबवायचा न्हाई, म्हंजी चोपदार येत्यात." आणि खरंच चोपदार त्या दिंडीपाशी गेले, ऐकून घेतलं, काहीतरी सांगितलं, तेव्हा कुठे ते टाळ शांत झाले. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची यादी वाचून दाखवली आणि मग आरती. भांडण नाही, आरडाओरडा नाही. गाऱ्हाणं मांडायचं तेही टाळ वाजवून! मी त्या रात्री तंबूत किती तरी वेळ जागी होते.

काकींनी मग हैबतबाबांची गोष्ट सांगितली. हैबतबाबा पवार आरफळकर. आरफळ म्हणजे आमच्या सातारा तालुक्यातलंच गाव. बाबा ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना अडवून डांबलं, बाबा हरिपाठ म्हणत राहिले आणि सुटले, अशी कथा वारकरी सांगतात. मग ते घरी न जाता आळंदीला राहिले. पालखीची प्रथा त्याआधीची, १६८५ मध्ये तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी सुरू केलेली. पण माऊलींच्या स्वतंत्र सोहळ्याला आजचं रूप दिलं ते हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व, तंबू, चोपदार, रथापुढच्या सत्तावीस दिंड्या, प्रत्येकीचा ठरलेला क्रमांक. पहाटे कर्णा तीन वेळा वाजतो. पहिल्याला उठायचं, दुसऱ्याला तयार राहायचं, तिसऱ्याला चालू लागायचं. हे लष्कराचं वळण आहे. फौजेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाने ती सगळी शिस्त विठोबाच्या पायाशी आणून ठेवली. "ही फौजच हाय," काकी म्हणाल्या, "फकस्त हातात भाल्याऐवजी पताका."

दुसऱ्या दिवशीची चाल अगदी छोटी, लोणंद ते तरडगाव. पण वाटेत चांदोबाचा लिंब येतो आणि तिथे पहिलं उभं रिंगण होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना वारकरी उभे, मधे मोकळी वाट. आधी जरीपटका घेतलेल्या स्वाराचा अश्व धावत गेला, मागून माऊलींचा अश्व, पाठीवर कोणी नाही. त्या रिकाम्या खोगिरावर माऊली बसलेली असते. मी इतक्या जवळ उभी होते की टापांचा हादरा तळपायाला लागला. अश्व रथापाशी गेला, दर्शन झालं, आणि परत वाऱ्यासारखा मागे. मग माणसं टापांखालची माती उचलायला धावली. एक म्हातारबुवा माझ्याही कपाळाला माती लावून पुढे गेले. तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून "माऊली" निघालं, कोणी सांगायला लागलं नाही.

फलटणपर्यंतची चाल लांबची. पायांना फोड आले, दुपारच्या विसाव्याला पिठलं-भाकरी खाऊन बाभळीखाली आडवी झाले ते काकींनी हलवून उठवलं. फलटण हे नाईक निंबाळकरांचं गाव, सईबाईंचं माहेर. शंभूराजांचं आजोळच म्हणायचं. मुक्कामाला पोचल्यावर पाय ओढत राम मंदिर आणि शेजारच्या राजवाड्यापर्यंत जाऊन आले. राजवाड्यालगत जब्रेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. त्यावरच्या कोरीव कामापुढे बसून राहावं असं वाटत होतं, पण गर्दी पुढे ढकलत होती. महानुभाव पंथाचे लोक फलटणला दक्षिण काशी मानतात, जैनांचीही इथे जुनी मंदिरं आहेत. त्या रात्री या गावातल्या घराघरांतून वारकऱ्यांसाठी भाकऱ्या येत होत्या. कोणत्या घराचा देव कोणता, हे कोणी विचारत नव्हतं.

बरड हा आमच्या जिल्ह्यातला शेवटचा मुक्काम. पुढे धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्हा लागतो. रात्री मी काकींचे पाय तेलाने चोळून दिले. त्या म्हणाल्या, "फुडल्या साली सुट्टी जास्त काढ." मी काढते म्हणाले.

पहाटे अंधारात पहिला कर्णा वाजला. तंबू उतरले, वळकट्या ट्रकमध्ये गेल्या. दुसऱ्याला काकींनी वृंदावन डोक्यावर घेतलं. तिसऱ्याला त्या आपल्या दिंडीच्या रांगेत चालू लागल्या, चार पावलांत मला दिसेनाशा झाल्या. मी रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभी राहिले. फलटणला जाणारी एसटी समोरच होती, पण मागच्या दिंड्या पुढे गेल्याशिवाय ती सुटणार नव्हती. एकेक पताका येत होती, एकेक विणेकरी. उजाडलं तरी रांग संपली नव्हती.