मागची तारीख

नाशिकजवळच्या गिरणाऱ्याकडच्या एका द्राक्षबागेवरचा रॉटविलर कुत्रा. चार वर्षांचा नर, वजन ४८ किलो. पिकअपच्या मागे दोन्हीकडून साखळ्या ताणून बांधून आणलेला. मालकाचा मुलगा खाली उतरता उतरताच म्हणाला, "डॉक्टर, याला झोपवून टाका. माणसाला धरलंय यानं."

"कुणाला?"

"मजूर बाई आहे. छाटणीच्या टोळीतली, पेठकडची. हळद-चुना लावलाय, कामावर आहे ती."

ऑक्टोबर छाटणी ऐन भरात होती. या दिवसांत बागेत हाताला फडकं गुंडाळून बाई काम करत असेल, तर तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

मी आधी त्याला मुकादमाला फोन लावायला सांगितला. हळद-चुना काढा, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं हात धुवा आणि आत्ताच्या आत्ता सिव्हिलला न्या. तिथे रेबीजच्या लसीबरोबर सीरमचंही, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचंही विचारा. दात रुतून रक्त आलं की जखम तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीत जाते. लसीमुळे अंगात ताकद तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर जखमेत आणि जखमेभोवती टोचलेलं सीरमच माणसाला राखतं. शिकलेल्या लोकांनाही हे ठाऊक नसतं. "इंजेक्शनं घेतली की झालं," म्हणतात. बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं बंद होऊन जमाना लोटला, तरी त्या धास्तीनं दवाखाना टाळणारे मला आजही भेटतात.

मग मालकाच्या मुलाला सांगितलं, कुत्रा मारायचा नाही. चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर जिवंत ठेवायचा असतो. दहाव्या दिवशी तो धडधाकट असेल, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरता येतं. आज त्याला झोपवला तर हे कळायची सोपी वाट बंद होते.

तपासणीसाठी ॲप्रनवाला पोऱ्या पुढे सरसावला, त्याला मागे घेतलं. असा कुत्रा भुंकत असेपर्यंत बरा. हा गप्प होता. तोंड मिटलेलं, अंग ताठ, डोळ्यांची पांढरी कड दिसत होती. नजरेला नजर न देता मी बाजूनं गेलो, बँडेजच्या पट्टीचा फास लांबूनच थोबाडावर टाकला, हनुवटीखाली फिरवून कानांमागे बांधला आणि मांडीत भूल दिली. आम्ही सगळ्यांनी रेबीजची लस आधीच टोचून घेतलेली असते, तरी लाळेला हात लागू द्यायचा नाही म्हणून दुहेरी हातमोजे.

तो आडवा झाल्यावर कारण सापडलं. पट्ट्याचं बक्कल कधीतरी तुटलेलं, त्या जागी कुणीतरी बागेतली तार पिळून बसवली होती. बाग उभी करायची ती जाड तार. तिचं टोक मानेत बोटभर रुतलेलं. कटरनं कापली तेव्हा आधी पू आला, मग अळ्या. जखमेत टर्पेंटाइन टाकून चिमट्यानं एकेक वेचत बसलो. पिकअपचा ड्रायव्हर दाराशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "ट्रॅक्टर काढायचा होता. बाईला सांगितलं, कुत्रा सोडून पलीकडं बांध." म्हणजे तिचा हात नेमका तिथेच गेला होता.

मुलगा तोवर बाहेर फोनवर. आत आला तो लसीचं कार्ड घेऊन. पिल्लू असतानाचे दोन स्टिकर, पुढची पानं कोरी. "डबल बोन, जाड हाडाचं आहे डॉक्टर, पन्नास हजाराचं पिल्लू," हे त्यानं तेवढ्यात सांगून घेतलं. मग मुद्द्यावर आला. "यात गेल्या वर्षीची तारीख टाका ना. पोलीस पाटील विचारतोय."

असं मागणारा हा काही पहिला नाही आणि देणारेही आहेत, नाहीतर एवढ्या सहजतेनं कुणी मागितलं नसतं. मी म्हटलं, दादा, हे कार्ड काही फक्त पोलीस वाचणार नाहीत. उद्या त्या बाईला तपासणारा डॉक्टरही वाचेल आणि निर्धास्त होईल. तो म्हणाला, "पण तिला इंजेक्शन तर देतातच की."

प्राण्याबाबत हयगय केली तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पन्नास हजाराचं पिल्लू घेणाऱ्याला पाच हजारांची कसली भीती! मार्च २०२४ मध्ये केंद्रानं तेवीस जातींवर बंदी घाला म्हणून राज्यांना पत्र पाठवलं, त्यात रॉटविलर होता. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं. त्या पत्रानं बागेतली तार निघाली नसती. पण 'जातीत काही नसतं' म्हणणारे प्राणिमित्रही मला पटत नाहीत. त्या जागी गावठी कुत्रा असता तर तोही चावला असता, फक्त बाईची बोटं वळायची थांबली नसती. जबडा मोठा तितकी मालकाची जबाबदारी मोठी, एवढं साधं आहे ते.

दहा दिवस मी कुत्रा माझ्याकडे ठेवला. निरोगी निघाला, मान भरत आली. बाईचे तीन डोस झाल्याचं मुकादमानं सांगितलं. २८व्या दिवसाचा बाकी आहे आणि टोळी आता पिंपळगावकडे गेलीय. मी फोन करतो, तो "हो साहेब" म्हणतो. ती गेली की नाही हे त्यालाही नक्की माहीत नसावं. खाडा झाला की हजेरी बुडते आणि ती भरून द्यायला बागमालकाला कुणी सांगितलेलं नाही. मी सांगितलं, तर त्यानं माझा फोन घेणं बंद केलं.

कुत्रा परत न्यायलाही तिकडून कुणी आलं नाही. परवा दिंडोरीहून एक जण बघायला आला होता. सगळा प्रकार मी त्याला सांगितला. ऐकून खूश झाला. "म्हणजे माणसाला धरतो ना?"

अजून माझ्याकडेच आहे.