बायपासनंतरची अँजिओग्राफी आणि ऑपरेशनचा कागद

कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या कक्षात, काम करताना, बायपास झालेला रुग्ण अँजिओग्राफीला आला की मी सर्वप्रथम त्याच्या शस्त्रक्रियेचा कागद (ऑपरेशन नोट) मागतो. हृदयाच्या मूळ धमन्यांची तोंडे महारोहिणीच्या मुळाशी ठरलेल्या जागी असतात, त्यामुळे कॅथेटर (तपासणीची बारीक नळी) तिथे सहसा सहज पोहोचतो. पायातून काढलेल्या शिरेचे ग्राफ्ट, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून रक्त नेणारे जोड, मात्र सर्जनने त्या वेळी सोयीच्या वाटलेल्या जागी महारोहिणीवर शिवलेले असतात. छातीच्या आतली डावी धमनी वापरली असेल, तर ती डाव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीतून निघते. म्हणूनच अशा वेळी कॅथेटर घालायला उजव्याऐवजी डावे मनगट किंवा जांघ निवडली जाते.

किती ग्राफ्ट घातले आणि प्रत्येक कोणत्या धमनीला जोडला, हे लिहिलेले नसेल, तर न सापडलेला ग्राफ्ट बंद पडला आहे की मुळात घातलाच नव्हता, हे ठरवणे फार कठीण होते. मग शोध लांबतो, क्ष-किरण वाढतात आणि धमन्या क्ष-किरणांत दिसाव्यात म्हणून टोचला जाणारा डायही जास्त लागतो. मधुमेहामुळे मूत्रपिंडे आधीच दुबळी झालेल्या रुग्णाला हा जादा डाय त्रासदायक ठरू शकतो, आणि याचीच मला सर्वांत अधिक काळजी वाटते.

ग्राफ्ट बंद दिसला की ‘बायपास फुकट गेली’ असे घरच्यांना वाटते. त्यांचे दुःख मी समजू शकतो; परंतु शिरेच्या ग्राफ्टपैकी सुमारे निम्मे 10 वर्षांत बंद पडतात किंवा बरेच अरुंद होतात, तर छातीतल्या धमनीचे सुमारे 90 टक्के ग्राफ्ट तोवर चालू राहतात. शिवाय स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) घालायची वेळ आली, तर जुन्या शिरेतला ठिसूळ थर सुटून पुढे अडकण्याचा धोका असल्याने, शक्य असल्यास मूळ धमनीतच स्टेंट घालणे बहुधा अधिक श्रेयस्कर ठरते.

त्रास नसताना केवळ खात्रीसाठी ही तपासणी करण्याची सहसा गरज नसते. छातीत पुन्हा दुखू लागले किंवा चालताना दम लागू लागला, तर डॉक्टरांकडे जाताना ऑपरेशन नोट, आधीच्या अँजिओग्राफीची सीडी आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा ताजा अहवाल सोबत न्यावा, आणि पूर्वी डायची ॲलर्जी झाली असल्यास ती न विचारताही सांगावी. ऑपरेशन नोट घरी नसेल, तर जिथे शस्त्रक्रिया झाली तिथून तिची प्रत आजच मागून घ्यावी.