ऋतूची सवलत

बसंत राग रात्रीच्या शेवटच्या प्रहरात गावा, असं शास्त्र सांगतं. आमच्या घरात त्या वेळी पाच माणसं झोपलेली असतात, आणि दीड वर्षाच्या धाकट्याची झोप तर कडी वाजली तरी मोडते. बरं, हा राग कुजबुजत गाण्याचा नाही. तो उत्तरांगप्रधान, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात रमणारा; तार षड्जावर, वरच्या 'सा'वर, मोकळ्या गळ्याने जाऊन उभं राहावं लागतं. मोठी लेक झाली तेव्हापासूनचे सहा वसंत माझे बसंताशिवाय गेले.

मध्यंतरी फोनवर माझ्या गाण्याच्या बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, ऋतूतल्या रागाला प्रहराचं बंधन नसतं. वसंतात बसंत, बहार केव्हाही गा. संध्याकाळी गा!"

हे मला ठाऊक होतं. परीक्षेच्या पेपरात लिहिलंही होतं मी. पण ही सवलत माझ्यासारख्या बाईच्याही कामाची आहे, हे कधी मनातच आलं नव्हतं. फोन ठेवल्यावर डोळे भरून आले.

मग वेळ शोधली. साडेपाच ते सहा. नवरा धाकट्याला घेऊन खाली जातो, सासूबाई माझा फोन त्यांच्या खोलीत ठेवून घेतात, मोठी माझ्याजवळच जमिनीवर चित्रं काढत बसते. अर्धा तास. पूर्वी मी म्हणायचे, तासभर सलग मिळत नसेल तर बसूच नये. त्या हट्टापायी किती वर्षं घालवली मी! आणि कपडे वाळत घालताना गुणगुणणं म्हणजे रियाज, असं स्वतःला समजावायचे तेही खरं नव्हतं. रियाजात स्वतःचा सूर ऐकावा लागतो. कामाच्या नादात तो ऐकू येत नाही.

पहिल्या दिवशी तानपुऱ्याची गवसणी काढली. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत लाकूड आकसलेलं, खुंट्या धरेनात. खडू चोळला, तारांखालची जवारीची सुतं बदलली. पंचमाची तार लागली, जोड म्हणजे मधल्या दोन तारा लागल्या, खर्जाची लागेपर्यंत पंचम उतरला. या दिवसांत सकाळी गार आणि दुपारी तापलेलं असतं, त्यामुळे सकाळी मिळवून ठेवलेल्या तारा संध्याकाळपर्यंत सैल पडतात. तीस मिनिटांतली बारा जुळवण्यातच गेली. म्हणून आता रोज इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि रविवारी खरा. हा निर्णय मला जड गेला. खऱ्या तारांतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो त्या डबीतून तसा येत नाही.

पट्टीही, म्हणजे गाण्याचा मूळ 'सा'ही, उतरवली. पेटीच्या काळी चारवर गायचे, आता पांढरी पाच. तार षड्ज ओढून लावण्यापेक्षा अर्धा स्वर खाली येऊन तो भरलेला लागला, तर मला जास्त आनंद होतो.

पहिले दहा दिवस बंदिश घेतलीच नाही. फक्त चलन, म्हणजे रागातल्या स्वरांची चाल. रिषभ कोमल, धैवत कोमल, मध्यम दोन्ही. 'सा म, म ग' असा शुद्ध मध्यमाचा हलका स्पर्श करायचा, आणि मग तीव्र मध्यम, कोमल धैवत, थेट तार षड्ज. मला या रागात सगळ्यात प्रिय हीच जागा. तीव्र मध्यमाने सगळं ताणलेलं असताना तो शुद्ध मध्यम असा येतो, की बंद खोलीची खिडकी कुणीतरी उघडावी. तो जरा जास्त रेंगाळला की ललत रागाकडे झुकायला होतं, म्हणून किती थांबायचं हे रोज नव्याने ठरवावं लागतं. परवा तो एकदाच मनासारखा लागला. अर्ध्या तासात एकदा. त्यावर माझी रात्रीची सगळी कामं हलकी झाली.

काल मोठीने रंगाची कांडी खाली ठेवून विचारलं, "आई, तू म दोनदा म्हणालीस. पण दोन्ही वेगळे होते ना?"

तिला कुणीच काही शिकवलं नव्हतं. मी तिला दोन्ही मध्यम पुन्हा म्हणून दाखवले, सावकाश, एकामागून एक. तिने चित्राच्या कोपऱ्यात दोन ठिपके काढले, एक खाली, एक त्याच्या किंचित वर.

बहार अजून सुरू केलेला नाही. ऋतूचे फार दिवस उरलेले नाहीत हे माहीत आहे, तरी मी बसंतातच आहे. सहाच्या सुमारास नवरा धाकट्याला घेऊन वर येतो तेव्हा मी बहुतेक तार षड्जावर असते, आणि तो पोरगा जिन्यातूनच तसाच लांब 'आ' लावतो.