रद्द झालेल्या विमानाचे पैसे मिळवताना

नागपूरहून पुण्याला येणारं आमचं रात्रीचं विमान रद्द झालं. तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळाले आणि नियमाप्रमाणे भरपाईही मिळाली, पण त्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला. ओळखीतल्या कित्येक जणांनी "नेमकं काय केलंस?" म्हणून विचारलं, तेव्हा एकदाच नीट लिहावं असं वाटलं. कंपनीचं नाव देत नाही. थोड्याफार फरकाने असेच अनुभव मी वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रवाशांकडून ऐकले आहेत.

बरोबर आई होती. तिचं गुडघ्याचं दुखणं जुनं, त्यामुळे व्हीलचेअर आधीच नोंदवलेली. विमान सव्वानऊचं. सुरक्षा तपासणी उरकून आत बसलो तोवर पडद्यावर दहा वाजून पाच मिनिटं अशी नवी वेळ आली होती. मग दहा पन्नास. मग साडेअकरा. प्रत्येक वेळी पाऊण तासाची भर, आणि प्रत्येक वेळी "असुविधेबद्दल खेद आहे". विमान उशिरा येणार हे कंपनीला आधीच कळलेलं असतं, कारण तेच विमान दिवसभर गावोगाव फिरून शेवटी आपल्याकडे येतं. सव्वादोन तास उशीर आहे असं एकदाच सांगितलं असतं, तर आई मावशीकडे शांतपणे जेवून निघाली असती. उशिराची मला इतकी चीड येत नाही. चीड येते ती असं तुकड्यातुकड्यांनी सांगण्याची, कारण त्या तुकड्यांवर विसंबून लोक औषधाच्या वेळा, जेवण, घ्यायला येणारी गाडी, सगळं ठरवत असतात.

एक नियम तिथेच उपयोगी पडला. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल, तर कंपनीने खाण्यापिण्याची सोय करायची असते. न मागता कुणी काही देत नव्हतं. मी गेटवर जाऊन विचारलं, तेव्हा सँडविच आणि ज्यूसचे डबे बाहेर आले, आणि मग ते सगळ्यांनाच वाटले गेले.

साडेअकराच्या सुमारास फोनवर मेसेज आला : ऑपरेशनल कारणांमुळे विमान रद्द. घोषणा त्यानंतर झाली. आत आलेल्या प्रवाशांना बाहेर काढायचं म्हणजे तीही एक प्रक्रिया असते. सीआयएसएफच्या जवानांनी नोंद करून आम्हाला सोडलं, चेक-इन केलेल्या बॅगा पट्ट्यावर परत आल्या आणि सगळी गर्दी कंपनीच्या काउंटरवर गोळा झाली. काउंटरमागे दोन तरुण मुली आणि एक मुलगा. रागावलेली माणसं त्यांच्यावर ओरडत होती. विमान रद्द करायचा निर्णय त्यांच्या हातात नसतो, तरी शिव्या त्यांनाच खाव्या लागतात. मला ते बघवत नव्हतं.

इथून पुढचा भाग महत्त्वाचा, कारण तिथे घेतलेला निर्णय नंतर बदलता येत नाही.

डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम असा आहे की, सुटण्याच्या आधी किमान चोवीस तास न कळवता विमान रद्द झालं तर कंपनीने एकतर प्रवाशाला मान्य होईल असं दुसरं विमान द्यायचं, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे परत करून वर भरपाई द्यायची. दोन्ही मिळत नाही. दुसऱ्या विमानाचं तिकीट हातात घेतलंत की भरपाईचा हक्क संपला. बहुतेकांना हे ठाऊक नसतं. पुढच्या विमानात जागा मिळाली म्हणून ते सुटकेचा श्वास टाकतात आणि नंतर भरपाई मागायला जातात.

आम्हाला दुसऱ्या दिवशीचं विमान देऊ केलं ते हैदराबादमार्गे, मध्ये सहा तासांचा थांबा. आई म्हणाली, "अगं, माझ्याच्याने नाही व्हायचं एवढं बसणं." नियमात 'प्रवाशाला मान्य' असे शब्द आहेत, त्यांचा मी आधार घेतला. हे विमान आम्हाला मान्य नाही, आम्हाला परतावा आणि भरपाई हवी, असं काउंटरवर स्पष्ट सांगितलं आणि तिथेच उभं राहून कंपनीच्या ईमेलवर तेच लिहून पाठवलं. त्यामुळे 'पर्यायी विमान नाकारलं' याची वेळेसकट नोंद झाली. ज्यांनी दुसऱ्या दिवशीचं विमान घेतलं आणि ज्यांचं नागपुरात कुणी नव्हतं, त्यांना हॉटेल मागा असं मी सांगितलं. रात्रीच्या मुक्कामाची सोय कंपनीकडे असते. काहींना ती मिळालीही.

दुसरी गोष्ट मागितली ती म्हणजे रद्द होण्याचं कारण, लेखी. भरपाईचं सगळं प्रकरण या एका कागदावर उभं राहतं. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका, पूर, दंगल, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांनी विमान रद्द झालं तर भरपाई देण्याचं बंधन नसतं. तिकिटाचे पैसे तेव्हाही परत मिळतात, फक्त भरपाई मिळत नाही. साहजिकच कंपनीला नंतर 'हवामान' हा शब्द सोयीचा पडतो.

काउंटरवरची मुलगी आधी म्हणाली, "मॅडम, असं लेखी आम्ही देत नाही. मेसेज आलाय ना तुम्हाला?" मी म्हटलं, "मेसेज आहे, पण आईचा इन्शुरन्स आहे, त्यांना शिक्क्याचा कागद लागतो." ते खरंच होतं, आईची प्रवास विमा पॉलिसी होती. तिने वरिष्ठांना फोन लावला, मग प्रिंटरमधला कोरा कागद घेऊन त्यावर विमानाचा क्रमांक, तारीख, आमचा पीएनआर आणि 'ऑपरेशनल कारणाने रद्द' एवढं बॉलपेनने लिहिलं, खाली सही केली आणि शिक्का मारला. शिक्क्याची शाई फिकट होती, तारीख वाचता येत नव्हती, म्हणून पुन्हा एकदा मारून घेतला. बाहेर पडताना मी पडद्याचाही फोटो काढला. त्यावर त्याच संध्याकाळी दुसऱ्या कंपनीचं पुण्याचं विमान सुटल्याचं दिसत होतं.

आम्ही मावशीकडे परतलो आणि नंतर रेल्वेने पुण्याला आलो.

घरी आल्यावर पहिला ईमेल आला तो क्रेडिट शेलचा. म्हणजे तिकिटाची रक्कम कंपनीकडेच जमा, ठराविक मुदतीत दुसरं तिकीट काढायचं. नियमानुसार क्रेडिट शेल घ्यायचं की पैसे, हे प्रवासी ठरवतो, कंपनी नाही. त्या ईमेलमधल्या 'स्वीकारा' बटणाला हात न लावता मी उत्तर पाठवलं की पैसे मूळ खात्यातच हवेत.

तिकीट एका ट्रॅव्हल वेबसाइटवरून काढलेलं होतं, त्यामुळे टोलवाटोलवी सुरू झाली. विमान कंपनी म्हणे एजंटशी बोला, वेबसाइट म्हणे कंपनीकडून पैसे आले की देऊ. यावरही नियम स्पष्ट आहे : एजंट हा कंपनीचा नेमलेला प्रतिनिधी, त्यामुळे परताव्याची जबाबदारी कंपनीची. हे वाक्य नियमाच्या संदर्भासह दोघांनाही एकाच ईमेलमध्ये पाठवल्यावर एकमेकांकडे बोट दाखवणं थांबलं. तिकीट थेट कंपनीकडून क्रेडिट कार्डावर काढलं असेल तर सात दिवसांत पैसे परत यायला हवेत. आमच्या बाबतीत मधल्या वेबसाइटमुळे वेळ जास्त लागला.

वेबसाइटवरून तिकीट काढणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. बुकिंग करताना प्रवाशाने संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई द्यावी लागत नाही, असं नियमात आहे. काही एजंट बुकिंगमध्ये स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकतात. मग कंपनी म्हणते, आम्ही कळवलं होतं. मी तिकीट काढल्याबरोबर कंपनीच्या साइटवर पीएनआर उघडून माझा नंबर आणि ईमेल आहे याची खात्री केली होती. ते उपयोगी पडलं, कारण कंपनीला 'आधी कळवलं होतं' असं म्हणायला जागा उरली नाही.

भरपाईवर उत्तर आलं ते अपेक्षेप्रमाणे : प्रतिकूल हवामान. मी तीन गोष्टी जोडून पाठवल्या. शिक्क्याचा कागद, ज्यावर हवामानाचा उल्लेखही नव्हता. पडद्याचा फोटो. आणि त्या रात्रीचे नागपूर आणि पुणे विमानतळांचे मेटार, म्हणजे विमानतळांवरून ठराविक वेळाने निघणारे हवामानाचे अहवाल. ते इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. दोन्हीकडे दृश्यमानता चांगली होती. आमचं विमान दिवसभर कुठे कुठे रखडलं तेही विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर दिसत होतं. त्याची पहिली फेरी सकाळीच उशिरा सुटली होती.

तरी साचेबद्ध उत्तर आलं. मग कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे प्रवाशांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला लिहिलं, त्यांचा पत्ता कंपनीच्या साइटवर असतो. सोबत एअरसेवावर तक्रार नोंदवली. ही नागरी विमान वाहतूक मंत्रालयाची सोय आहे, २०१६ मध्ये सुरू झाली, पोर्टल आणि ॲप दोन्ही आहेत. तिथे राग ओतून काही होत नाही. मी चार ओळी लिहिल्या : विमान क्रमांक आणि तारीख, किती वाजता रद्द झाल्याचं कळलं, पर्यायी विमान नाकारल्याचा पुरावा, आणि नियमाप्रमाणे किती रक्कम देय आहे. शेवटी एवढंच, की उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ती पोकळ धमकी नव्हती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे मला पुण्यातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून मी हे समजून घेतलं होतं. तिथली बाई फार शांतपणे आणि नीट बोलली.

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. एअरसेवावरच्या तक्रारीनंतर कंपनीतून पहिल्यांदाच माणसाने लिहिलेलं वाटावं असं उत्तर आलं, आणि काही दिवसांनी भरपाई जमा झाली.

आता रकमेबद्दल. बातम्यांत '१०,००० रुपये भरपाई' असे मथळे येतात आणि लोकांचा गैरसमज होतो. एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून मोठ्या उड्डाणाला १०,००० रुपये, ही कमाल मर्यादा आहे. या रकमेची तुलना एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क याच्याशी होते आणि जे कमी असेल ते मिळतं. नागपूर-पुणे दुसऱ्या गटात बसतं, पण आमचं मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून माणशी चार हजारांच्या आत होतं, तेव्हा तेवढंच मिळालं. हा आकडा तिकिटावर एकत्रित दिसतो, म्हणून कंपनीच्या साइटवरून जीएसटी इन्व्हॉइस काढून घ्यावं. त्यावर भाडं, यूडीएफ म्हणजे विमानतळ वापरण्याचं शुल्क आणि कर वेगळे दाखवलेले असतात.

हे वेगवेगळे आकडे आपणहून तिकीट रद्द करतानाही पाहावेत. माझ्या भाच्याने सवलतीचं तिकीट रद्द केलं तेव्हा परतावा शून्य दाखवला होता. तिकीट विनापरतावा असलं तरी कर आणि यूडीएफसारखी शुल्कं परत करावीच लागतात. त्याने मागितल्यावर ती मिळाली. रक्कम लहान होती, पण ती त्याचीच होती.

मी आता शक्यतो सकाळचं पहिलं विमान घेते. ते बहुतेक वेळा रात्रभर तिथेच उभं असतं, आदल्या फेऱ्यांचा उशीर त्याच्या माथी नसतो. आई बरोबर असली की थेट विमान, भले दोन-तीनशे रुपये जास्त पडोत. तिकीट कंपनीच्याच साइटवरून. खिडकीची जागा, जेवण यांवर मी पैसे घालत नाही, पुढची कडेची जागा मात्र आईसाठी आवर्जून घेते.

वेबसाइटची 'सुविधा फी' परत मिळालीच नाही. प्रवास झाला नाही, सुविधा मिळाली नाही, तरी ती फी गेली. हे मला अजूनही खटकतं आणि त्याबद्दलची माझी तक्रार अजून चालू आहे. डीजीसीएकडून मला एक बदल हवा आहे : रद्द झाल्याच्या मेसेजमध्येच नेमकं कारण लिहिण्याची सक्ती करावी. 'ऑपरेशनल' हा शब्द तिथे चालू नये. विमान नादुरुस्त असेल तर तसं लिहावं, वैमानिक उपलब्ध नसेल तर तसं, धुकं असेल तर धुकं. मग मध्यरात्री व्हीलचेअरवर बसलेल्या बाईला कुणाकडे शिक्का मागत थांबावं लागणार नाही.