न रंगवलेली संध्याकाळ

इंग्लंडमध्ये कागदावरील चित्रांच्या जतनाचे काम करताना बहुतेक जुन्या जलरंगचित्रांचे दुखणे एकच आढळते: आम्लयुक्त पुठ्ठा, मागे लाकडी फळी आणि हाती लागेल ते चिकटद्रव्य फासणारा फ्रेमवाला. गेल्या हिवाळ्यात आलेल्या चित्राचे दुखणे मात्र त्याहून खोल होते.

वेल्समधील नदीकाठचा पडका किल्ला, अलीकडे गाई, पाऊलवाट, गवतावर कपडे वाळत घालणाऱ्या बायका. सही नव्हती, पण वळण इंग्रज चित्रकार पॉल सँडबीच्या पठडीतले होते. सँडबी (१७३१–१८०९) १७४५च्या बंडानंतर स्कॉटलंडमध्ये झालेल्या लष्करी सर्वेक्षणात नकाशे काढत तयार झाला आणि पुढे वुलिचच्या लष्करी अकादमीत त्याने चित्रकला शिकवली. या परंपरेत स्थळाचे चित्र म्हणजे जवळजवळ साक्ष. मालकीणबाईंच्या घरी ते आजोबांच्या काळापासून ‘संध्याकाळ’ म्हणूनच ओळखले जात होते, कारण सारे आकाश गुलाबी होते.

जुना माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट, सरसाने थेट चित्राच्या कडांवर चिकटवलेला होता. पुठ्ठा एकेक पापुद्रा करून स्कालपेलने सोलला, शेवटच्या थरावर मेथिल सेल्युलोज या पाणी धरून ठेवणाऱ्या खळीचा घट्ट लेप ठेवून सरस मऊ होऊ दिला आणि कागदावर पाणी उतरणार नाही अशा बेताने तो टिपून काढला. कारण अठराव्या शतकातील रंग ओलाव्याने हलला की परत जागेवर बसत नाही. पुठ्ठा निघाला तेव्हा खाली चारही बाजूंनी बोटभर रुंदीची पट्टी उघडी पडली. तिच्यातले आकाश निळे होते आणि ढग करडे.

त्या काळी ढगांचा करडा रंग बहुधा नीळ आणि गेरूसारखा लोहयुक्त तांबडा मिसळून करत. उजेडाने नीळ उडते, तांबडा टिकतो आणि ढग गुलाबी होतात. नीळ व पिवळा मिसळून केलेली झाडेही पिवळट होतात, म्हणून अशा चित्रांत विनाकारण शरद ऋतू अवतरतो. रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी १८८८ साली ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात नीळ उजेडाला टिकत नाही हे प्रयोगांनिशी मांडले होते. तरीही लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ‘उबदार सायंप्रकाश’ आजही सर्रास छापला जातो, आणि तो लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नसते असे मला वाटत नाही. या चित्रात तर गाईंच्या सावल्या त्यांच्या पायांपाशीच संपत होत्या. संध्याकाळच्या सावल्या अशा नसतात.

बाईंनी पट्टी भिंगातून बराच वेळ पाहिली आणि विचारले, “तेवढी पट्टी उन्हात ठेवून बाकीच्या चित्रासारखी करून द्याल का?” माझ्या व्यवसायात असे विचारणारे मला कधी भेटले नव्हते. चित्र विकायचे होते आणि निळी चौकट ग्राहकाला डाग वाटली असती. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. मी नकार दिला. आकाश पुन्हा निळे रंगवण्याचा प्रश्नच नव्हता; उडालेली नीळ परत येत नाही, आणि वरून चढवलेली माझी असेल, चित्रकाराची नाही.

शेवटी आम्लविरहित पुठ्ठ्याचा नवा माउंट पूर्वीच्याच मापाचा केला आणि चित्र त्यात जपानी कागदाच्या पट्ट्यांवर गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने टांगले. त्यामुळे पट्टी झाकली गेली. झाकल्याने उरलेली नीळ टिकेल हे खरे, आणि चित्राबद्दलची खोटी समजूतही त्याच पुठ्ठ्याखाली टिकेल हेही तितकेच खरे. खिडकी बोटभर मोठी ठेवण्याचा आग्रह मी अधिक धरायला हवा होता की चित्र त्यांचे म्हणून थांबलो ते योग्य, यावर माझे अजून स्वतःशीच एकमत होत नाही.

पट्टीची छायाचित्रे आणि सावल्यांचे निरीक्षण मी अहवालात नोंदवले. तो चित्राबरोबर द्यावाच लागेल का, असे बाईंनी नंतर फोनवर विचारले. मी म्हटले, अहवाल चित्राचा आहे, चित्राबरोबरच राहायला हवा. कॅटलॉगचा मजकूर मात्र माझ्या हातात नाही.